कलम पाच आणि तो विषय

शाळेतल्या माणसाजवळ इतके किस्से का साठतात, असं मला लोक विचारतात. कारण साधं आहे. वर्गात हसता येत नाही. पोरं काहीही बोलोत, आपण कपाळाला आठी घालून फळ्याकडे तोंड करायचं आणि पोटातलं हसू स्टाफरूमपर्यंत सांभाळून न्यायचं. वाटेत हेडमास्तर भेटले तर तेही राहून जातं. अशी राहून गेलेली हसणी वर्षानुवर्षं साचतात आणि मग माणूस माझ्यासारखा बडबड्या होतो.

माझ्या साठ्यातला सगळ्यात मोठा ढीग एकाच वर्षाचा आहे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबाच म्हणत. काशीद आणि मुरूडच्या मधे, समुद्राला पाठ करून बांधलेली आमची शाळा होती. खिडक्या डोंगराकडे, कारण समुद्राकडे ठेवल्या तर पोरं होड्याच मोजत बसतील, असं बांधणाऱ्यांचं म्हणणं. त्या शाळेत मी एकटी बाई. वय सत्तावीस, लग्न नाही, आणि नोकरी हंगामी. हे तिन्ही लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

* * *

आमचे हेडमास्तर गद्रे सर यांना एक सवय होती. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर. दुपारी टपाल यायचं आणि परतीची एस.टी. तीनला सुटायची. त्या मधल्या वेळात गद्रे सर जेवत नसत, लिहीत असत. एकदा कुणाची तरी लग्नपत्रिका चुकून शाळेच्या पत्त्यावर आली, तर तिलाही उत्तर गेलं, "आपले पत्र मिळाले. योग्य ती नोंद घेतली आहे."

मुंबईत सरकारनं एक समिती नेमली होती. शाळांतून मुलामुलींना शरीराचं शिक्षण द्यायचं, पण कसंही नाही. कोणी द्यायचं, कोणत्या इयत्तेत, किती तास, कोणते तक्ते लावून, याचे निकष ठरवणारा कायदा करायचा. त्याचा मसुदा शाळांकडे मत मागायला पाठवला. बाकीच्या शाळांनी तो वाचला आणि घाईघाईनं कपाटात सर्वांत खाली ठेवला. आमच्याकडून त्याच दिवशी उत्तर गेलं, "मसुदा स्तुत्य आहे."

एवढं तत्पर उत्तर बघून समिती खूश झाली. तिनं उलट टपाली कळवलं की प्रयोगासाठी आपल्याच शाळेची निवड करण्यात येत आहे.

गद्रे सर दोन दिवस खुर्चीत नुसते बसून होते. मसुद्याच्या नावातला मुख्य शब्द त्यांना तोंडानं उच्चारताच येईना. ते नुसतं "तो विषय" म्हणायचे. मग आम्हीही तसंच म्हणायला लागलो. शेवटी वेळापत्रकावरसुद्धा तसंच चढलं. मंगळवार, चौथा तास, आठवी, तो विषय.

* * *

आता मुद्द्याचं. मसुद्यातलं पाचवं कलम असं होतं की मुलींना हा विषय शिकवणारी शिक्षिका विवाहित असावी.

दुसऱ्या कुठल्याही हेडमास्तरानं यावर गप्प राहणं पसंत केलं असतं. गद्रे सरांनी त्याच दिवशी तीनच्या एस.टी.नं कळवलं की आमच्याकडची एकमेव शिक्षिका अविवाहित आहे, काय करावे? समितीचं उत्तर आलं. सध्या प्रयोगाचे तास तिनेच घ्यावेत, मात्र कलम पाच कायम राहिल्यास जूनपासून त्या जागी विवाहित शिक्षिका नेमावी.

पत्र सरांनीच मला वाचून दाखवलं. "बाई, मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं," असं म्हणाले बिचारे. घरी गेल्यावर, म्हणजे मी भाड्यानं राहायची त्या खोलीत गेल्यावर, मला रडू आलं. ही नोकरी गेली तर मला पेणला भावाकडे जाऊन राहावं लागणार होतं, आणि वहिनीनं माझ्यासाठी दोन मुलांचा एक बिजवर आधीच बघून ठेवला होता. फळा, खडू आणि आठवीच्या पोरी एवढंच माझं स्वतःचं म्हणावं असं होतं. ते मला सोडायचं नव्हतं.

त्यात शाळेच्या कमिटीवर धर्मा नाखवा होते. मोठे होडीवाले. शाळेच्या छपराचं लाकूड त्यांनी दिलेलं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. ते पहिल्याच सभेत म्हणाले की कलम पाच बरोबर आहे, लगीन न झालेली बाई पोरींना काय शिकवणार? आणि मग, कुठल्याही सभेत शेवटी म्हणत तेच म्हणाले. "आमच्या बायकोनं आमाला पाच पोरी दिल्या. पोरगा काय दिला न्हाय." छपराची सभा असो, ग्रामदैवताची असो की पोस्टाच्या पेटीची, हे वाक्य ठरलेलं. सगळे मान डोलवायचे. त्यांची बायको जानकी बाजारात मासळी विकायची. तिच्यासमोरही ते हे म्हणायचे आणि ती टोपलीतल्या मासळीवर पाणी शिंपडत राहायची. त्यांची धाकटी शेवंती माझ्याच वर्गात, आठवीत होती.

* * *

मसुद्यात लिहिलं होतं की शरीराचे तक्ते ठळक आणि रंगीत असावेत. मुंबईहून तक्ते येईनात. तेव्हा गद्रे सरांनी सदू पेंटरला बोलावलं. सदू होड्या रंगवायचा. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांची नावं त्याच्या हातची. सरांनी त्याला समितीनं मसुद्याबरोबर पाठवलेल्या पुस्तकातलं चित्र दाखवलं, म्हणजे पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

आठ दिवसांनी सदूनं तक्ता आणला. पाच फूट उंच बाई. चित्र सुरेखच. पण सदूला बाई उघडी काढणं पटलं नव्हतं. त्यानं तिला हिरवंगार लुगडं नेसवलं होतं, नाकात नथ घातली होती, आणि पोटातले सगळे अवयव लुगड्याच्या वरून, जागच्या जागी, लाल-पिवळ्या रंगात काढले होते. काही चुकलं नव्हतं. फक्त ते सगळं बाहेर होतं.

आणि सदूचा नेम असा की रंगाचं काम पुरं झालं की वरच्या बाजूला देवीचं नाव घालायचं. होडी असो नाहीतर पानाचं दुकान. त्यामुळे तक्त्याच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंना नारळ काढून, "एकवीरा आई प्रसन्न" असं लिहिलेलं होतं.

मी तक्ता वर्गात टांगला. पोरी आत आल्या, एकेकीनं चपला दाराबाहेर काढल्या, तक्त्याला नमस्कार केला आणि बसल्या. खरं सांगते, तीस वर्षं मी वर्गावर शिकवलं असेल, पण इतक्या शांतपणे कुठला तास ऐकला गेला नाही.

* * *

माझी नोकरी वाचवायचा सगळ्यात सरळ उपाय स्टाफरूमनं शोधून काढला. जूनच्या आत माझं लग्न लावायचं!

पुढाकार ड्रिलच्या मुकादम सरांनी घेतला. ते दिघीचे. दर शनिवारी आगरदांड्याहून होडीनं घरी जायचे आणि सोमवारी यायचे. मला ते बहीण मानायचे, आणि बहिणीची जिम्मेदारी म्हणून होडीतल्या प्रत्येक बरा दिसणाऱ्या माणसाला ते जात, गोत्र आणि पगार विचारू लागले. चार खेपांत त्यांनी श्रीवर्धनकडचा एक कारकून मिळवला. माणूस सालस, दात सरळ, असं त्यांचं प्रशस्तिपत्रक होतं. तो मुरूडला कामासाठी आला की शाळेत डोकावेल, असं ठरलं.

तो आला नेमका मंगळवारी. मी चौथा तास संपवून तक्ता स्टाफरूममध्ये आणून भिंतीला लावत होते. मुकादम सर मला खुणा करत होते की बाई, पदर नीट घ्या. कारकुनानं चहाचा कप उचलला, भिंतीकडे बघितलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून अदबीनं विचारलं, "ही देवी कुठली म्हणायची?"

मला थापा मारता येत नाहीत. तोंडाला नुकत्याच घेतलेल्या तासाची सवय, हातात छडी. मी त्याला सांगितलं. वरपासून खालपर्यंत, छडी ठेवून, प्रत्येक अवयवाच्या नावानिशी आणि कामानिशी.

त्याचा कप अर्ध्यात राहिला. बस चुकेल म्हणाला. बसला दीड तास होता. त्याची छत्री आमच्या खुंटीवर राहिली ती कायमची, आणि तिला सगळे जावईबापूंची छत्री म्हणू लागले. मुकादम सर मात्र माझ्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, "बेहेन, तू बरोबर सांगितलंस. ज्याला ऐकवलं नाही त्याच्याबरोबर कशाला जिंदगी काढायची?" त्या दिवसापासून होडीतल्या माणसांची सुटका झाली.

* * *

मुलांचे तास शास्त्राच्या मराठे सरांकडे होते. मसुद्यात म्हटलं होतं की विषयाची सुरुवात परिसरातल्या प्राण्यांपासून करावी. मराठे सर पक्के शाकाहारी. जन्म समुद्रकाठी गेला, पण मासळीबाजारावरून जाताना श्वास रोखून धरत. तरीही माणूस कर्तव्याला पक्का. त्यांनी पुस्तक वाचून तयारी केली आणि मुलामुलींचा पहिला तास एकत्रच घ्यायचं ठरवलं, कारण मासळीच्या गोष्टीत लाजायचं काय? पोरांना सांगितलं, "उद्या येताना एक मासा आणा."

त्यांना म्हणायचं होतं वर्गासाठी एक. पोरांनी आणला प्रत्येकी एक. शिवाय ज्यांच्या घरी होडी त्यांनी मास्तरांसाठी म्हणून वेगळा. टेबलावर बांगड्यांची रास लागली आणि खिडक्यांत गावातली मांजरं येऊन बसली.

मराठे सरांनी नाकाला रुमाल बांधला, त्यातला एक बांगडा दोन बोटांनी उचलला, डोळे अर्धे मिटून कापला, आणि म्हणाले की आता या मादीच्या पोटात आपल्याला अंडी दिसतील. काही दिसेना. सर पुस्तकात बघत, बांगड्यात बघत. पुन्हा पुस्तकात बघत.

शेवंतीला राहवेना. ती जाग्यावरून म्हणाली, "सर, त्यो नर हाय."

सरांनी दुसरा उचलला. "त्यो पन नर हाय." तिसरा उचलला, तेव्हा ती उठून पुढेच आली. तिनं राशीतले मासे एकेक करून हातात घेतले, पोटावर अंगठा दाबला आणि दोन ढीग केले. हे नर, ह्या गाबोळीवाल्या, म्हणजे पोटात अंडी भरलेल्या. मग एक गाबोळीवाली कापून, अंडी कुठे असतात, कधी भरतात, पाण्यात कधी सोडतात, नर मागून काय करतो, सगळं सांगितलं. तिला हे तिच्या आईनं मासळी निवडताना शिकवलेलं. मराठे सर हळूच पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि वहीत उतरवून घेऊ लागले.

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीनं त्यांना विहिरीवर दोनदा आंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नाही. समितीला जाणाऱ्या अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान समाधानकारक आहे. शिक्षकाचे वाढवणे आवश्यक."

मला त्या तासाची एक गोष्ट मात्र टोचत राहिली. जानकीनं पोरीला माशाचं सगळं शिकवलं होतं. स्वतःच्या अंगाचं मात्र काहीच नाही. दोनच महिन्यांपूर्वी शेवंती वर्गात घाबरून माझा हात धरून रडली होती, तिला वाटलं आपण मरणार. पाळी म्हणजे काय, ते तिला पहिल्यांदा मी सांगितलं होतं.

* * *

मार्चमध्ये समितीचं पत्र आलं. कलम पाचप्रमाणे विवाहित शिक्षिका कधी नेमणार, ते कळवावे.

गद्रे सरांनी पत्र वाचलं. पेन उघडलं. पेन बंद केलं. आणि पत्र टेबलाच्या खणात ठेवून दिलं. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा तीनची एस.टी. आमच्या उत्तराशिवाय गेली.

पुढचे अकरा दिवस त्या माणसानं जे भोगलं ते मी बघितलंय. तीन वाजत आले की कपाळाला घाम यायचा. खण उघडायचे, पत्राकडे बघायचे, पाणी प्यायचे, खण लावायचे. मी म्हटलं, सर, देऊन टाका उत्तर, मी जाईन पेणला. तर मान हलवून म्हणाले, "माझ्या उत्तरांनीच हे झालंय, बाई. आता माझ्या उत्तर न देण्यानं काय होतंय ते तर बघू." त्यांच्याबद्दल मला इतकी माया आधी कधी वाटली नव्हती.

आणि झालं ते असं. ज्या शाळेचं उत्तर हमखास उलट टपाली येतं, तिचं अकरा दिवस काहीच नाही, तेव्हा समितीला वाटलं की तिथे काहीतरी भयंकर घडलंय. बाराव्या दिवशी समितीतल्या एक बाई स्वतःच मुंबईहून लाँचनं, मग एस.टी.नं, धुळीनं भरलेल्या अशा शाळेच्या दारात उतरल्या.

* * *

समितीच्या बाई पन्नाशीच्या. चष्मा, खादीचं पातळ, बोलणं तोलून मापून. आल्या आहेत तर पालकांचं मतच घेऊ म्हणाल्या. सभा बोलावली, पण बाप सगळे होड्यांवर. आल्या त्या आया. मासळी विकून तशाच आलेल्या, टोपल्या व्हरांड्यात ठेवून पंचवीस-तीस जणी खाली बसल्या. पुरुषांपैकी धर्मा नाखवा तेवढे होते, खुर्चीवर.

बाईंनी कलम पाच वाचून दाखवलं आणि मत विचारलं. नाखवा उठले. लगीन झालेलीच बाई पायजे, म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे पाच पोरींवर येऊन खाली बसले. मी कोपऱ्यात उभी होते.

तेवढ्यात जानकी बोलली. बसल्या जागेवरूनच. समितीच्या बाईंना तिनं विचारलं, "बाय, तुमचं लगीन झालंय काय?"

बाई म्हणाल्या, "नाही."

"मंग यवढा कायदा लिवलात ना?"

बाया हसल्या. समितीच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. जानकी हसली नाही. ती मागे वळून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "हितं बसलेल्या आमी समद्या लगीन झालेल्या हाव. कोनी पोरीला सांगितलं काय? मी न्हाय सांगितलं. माझ्या आयनं मला न्हाय सांगितलं. माझ्या पोरीला सांगितलं ते ह्या बायनं."

बाहेर टोपल्यांवर कावळे बसले होते तरी एकही उठली नाही. मग मागून एक म्हातारी म्हणाली, आमाला पन सांग ना मंग. दुसरी म्हणाली, व्हय, उद्या दुपारी, म्हावरा विकून आलो का.

समितीच्या बाईंनी कागदांची घडी केली आणि म्हणाल्या की त्या उद्याचा तास बघूनच कलम पाचचं काय ते ठरवतील.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी आठवीच्या बाकांवर आया बसल्या. बाकं पोरींच्या मापाची, त्यामुळे निम्म्या जणी आडव्या बसल्या. दाराबाहेर चपला, भिंतीवर सदूचा तक्ता. बहुतेकींनी त्याला हात जोडले. समितीच्या बाई शेवटच्या बाकावर कागद मांडून बसल्या होत्या. नाखवांना कमिटीवरचे म्हणून लक्ष ठेवायचं होतं, पण बायांच्या वर्गात शिरायचं कसं? ते बाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली, पाठ टेकून बसले. त्यांच्या खोकण्यावरून ते तिथेच आहेत हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मी शिकवायला लागले. लुगड्यावरचे अवयव एकेक करून दाखवले. बाया मधेच विचारत, एकमेकींना कोपरानं ढोसत, पण ऐकत होत्या. जानकी पहिल्या बाकावर, पदर आवळून, पाय जवळ घेऊन ताठ बसलेली.

पुस्तकाच्या चौदाव्या पानावर आले. तिथं छापलं होतं ते मी माझ्या भाषेत सांगितलं की मूल मुलगा होणार की मुलगी, हे आईवर नसतं. ते बापाच्या बीजावर ठरतं.

जानकी म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. बाहेरचा खोकला चालू होता.

जानकीनं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाय, भायेर आयकू जाईल असं सांग."

मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि प्रार्थनेच्या वेळी अख्ख्या शाळेला ऐकू जावं म्हणून लावते तो आवाज लावला. एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

खोकला थांबला.

शेवटच्या बाकावर समितीच्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि मसुद्यातल्या कलम पाचवर एक लांब, सरळ रेघ ओढली. तिचा आवाज मला पुढपर्यंत आला.

जानकीनं पदर सैल केला, बाकाखाली पाय लांब पसरले, आणि मला म्हणाली, "हां. आता तू लगीन न्हाय केलंस तरी चालंल."